राजाची चाल : कापाब्लांकाच्या एका डावाचें परीक्षण

बुद्धिबळाच्या डावाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, अशी शंका ज्या वाचकांस येईल त्यांना आमचा एकच उलट प्रश्न आहे. जी कृति बुद्धीनें रचिली आहे, जिला आरंभ, मध्य व शेवट आहेत, जिच्या एका अंगाचा दुसऱ्या अंगाशीं संबंध आहे आणि जी शंभर वर्षांनीं पुन्हां मांडून पाहिली तरी आनंद देते, तिचें परीक्षण टीकाकारानें करूं नये तर कोणीं करावें? खेळाडू आपल्या डावांवर टिपा लिहितात, हें खरें. पण त्या टिपांत ‘ही खेळी चुकली, ती बरोबर होती’ एवढाच निवाडा बहुधा असतो. वैयाकरणानें कवितेंतील प्रयोग तपासावे तसा हा प्रकार आहे. तो अवश्य आहे. परंतु तेवढ्यानें कवितेचा विचार संपला असें कोणी म्हणणार नाहीं.

बुद्धिबळाच्या रसिकांत फार दिवसांपासून दोन पंथ आहेत. पहिला चमत्कृतीचा. १८५१ सालीं लंडनांत आंडरसेन यानें कीझेरित्स्की याच्याशीं खेळलेला डाव हा ह्या पंथाचा वेदच होय. त्यांत आंडरसेननें एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरहि देऊन टाकला व उरलेल्या एका उंटानें आणि दोन घोड्यांनीं मात केली. त्या डावाला ‘अमर डाव’ असेंच नांव पडलें आहे. दुसरा पंथ स्थितीचा. स्टाइनिट्झ हा त्याचा आचार्य. लहान लहान लाभ साठवावे, एक उघडी पट्टी, एक दुबळें प्यादें, एक नीट जागा धरलेला घोडा, एवढ्या भांडवलावर सावकाशीनें संसार करावा आणि विजय पिकून हातांत पडेल त्या दिवसाची वाट पाहावी, ही ह्या पंथाची शिकवण. पहिल्या पंथाचे लोक दुसऱ्यांना वाणी म्हणतात; दुसरे पहिल्यांना जादूगार म्हणतात.

होसे राउल कापाब्लांका (१८८८–१९४२) हा ह्या दुसऱ्या पंथाचा मुकुटमणि समजला जातो, आणि त्याच्यावर होणारा आक्षेपहि तोच: खेळ निर्दोष, पण कोरडा, यंत्रासारखा. आमच्या मतें हा आक्षेप दोन्ही पंथांच्या एका समान चुकीवर उभारलेला आहे. चमत्कृति ही स्थितीहून निराळी वस्तु असून ती तिच्यावर वरून चढवावयाची असते, असें दोघेहि धरून चालतात. ती समजूत किती पोकळ आहे हें कापाब्लांकाच्याच एका डावावरून दाखवितां येतें. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या स्पर्धेत त्यानें तार्ताकोव्हर याच्याशीं खेळलेला तो डाव.

स्पर्धेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अकरा खेळाडू होते व प्रत्येकानें दुसऱ्या प्रत्येकाशीं दोन डाव खेळावयाचे होते. १९२१ सालीं हवाना येथें लास्करचा पराभव करून कापाब्लांका जगज्जेता झाला होता आणि १९१६ पासून तो एकहि डाव हरला नव्हता. ह्या स्पर्धेंतील पांचव्या फेरींत रिचर्ड रेटी यानें त्याला हरविलें. आठ वर्षांची अजिंक्यता एका दिवसांत गेली. आमचा डाव लगेच पुढच्या, सहाव्या फेरींतला आहे. (स्पर्धा मात्र शेवटीं पंचावन्न वर्षांच्या लास्करनेंच जिंकली व कापाब्लांका दुसरा आला. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांस हें वाचून बरें वाटेल.)

प्रतिपक्षी साव्हिएली तार्ताकोव्हर हा कायद्याचा पदवीधर, उत्तम लेखक, आणि बोलण्यांत अतिशय तिखट. ह्याच स्पर्धेच्या दिवसांत तो न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांत जाऊन एका ओरांगउटानाला भेटून आला व मारोत्सी याच्याशीं खेळतांना पहिल्याच चालीला त्यानें वजिराच्या घोड्यापुढचें प्यादें दोन घरें ढकललें. त्या सुरुवातीला आजवर त्या वानराचें नांव चिकटून राहिलें आहे. असा विक्षिप्त, सावध राहण्याचा कंटाळा असणारा, पण नाना युक्त्यांचा धनी असा हा खेळाडू. तो समोर बसला नसता तर हा डाव असा झालाच नसता, हें पुढें दिसेल.

आतां घरें ओळखण्याची रीत. पट्ट्यांना त्यांच्या पायथ्याशीं आरंभीं जो मोहरा असतो त्याचें नांव द्यावयाचें: राजाची पट्टी, राजाच्या उंटाची पट्टी, राजाच्या घोड्याची, राजाच्या हत्तीची, तशाच वजिराच्या बाजूच्या चार. घरें मात्र सर्वत्र पांढऱ्याच्या बाजूनें एक ते आठ अशीं मोजूं. पांढरे मोहरे कापाब्लांकाचे.

डावाची सुरुवात डच पद्धतीची आहे. काळ्यानें राजाच्या उंटाचें प्यादें पुढें टाकून मधल्या घरांवर दुरून दाब ठेविला. पांढऱ्यानें मोहरे सरळ, कसलाहि डौल न करतां, बाहेर काढले. दोघांनींहि आपापले राजे हत्तींच्या आड किल्ल्यांत बसविले. नवव्या चालीपासून चार चालींत मारामारी झाली आणि तेराव्या चालीअखेर दोघांचाहि बराच भार उतरला. पांढऱ्याकडे एक उंट उरला, काळ्याकडे एक घोडा. शिवाय पांढऱ्याचीं दोन प्यादीं वजिराच्या उंटाच्या पट्टींत एकामागें एक अशीं उभीं राहिलीं. हीं प्यादीं एकमेकांस जोर देऊं शकत नाहींत. त्यांतलें मागचें, तिसऱ्या घरांतलें, वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

चौदाव्यापासून अठराव्या चालीपर्यंतचा भाग आम्हांस सैल वाटतो, आणि तें स्पष्ट सांगितलेलें बरें. कापाब्लांकाचा एक हत्ती वजिराच्या घोड्याच्या पट्टींत जातो आणि चार चालींनीं तेथून उठून राजाच्या पट्टींत येतो. वजीर पटाच्या कडेला जातो व दोनच चालींनीं आल्या घरीं परत येतो. कापाब्लांकाचे भक्त ह्यांतहि खोल हेतु शोधतात. शोधोत बापडे. कादंबरींत ज्याप्रमाणें एखादें प्रकरण लेखकाला पुढचा मार्ग सुचेपर्यंत लिहिलेलें असतें, तसें हें आहे. एकोणिसाव्या चालीला राजापुढचें प्यादें चौथ्या घरांत आलें, तेथें मारामारी झाली, पांढरा वजीर मध्यभागीं येऊन बसला व डावाला पुन्हां कणा आला. ह्या वजिराची नजर काळ्या राजाजवळच्या कडेच्या प्याद्यावर होती, म्हणून काळ्याला राजाच्या घोड्याचें प्यादें एक घर पुढें करावें लागलें. हें प्यादें म्हणजे पुढच्या सर्व कथेचें बीज होय, कारण तें हललें तेव्हां कापाब्लांकाला धडक देण्याला जागा सांपडली. त्यानें राजाच्या हत्तीचें प्यादें चौथ्या घरापर्यंत आणलें आणि पुढच्या चालीला तें भिडविण्याचा धाक घातला.

येथें तार्ताकोव्हरचा धीर सुटला असें आम्हांस वाटतें. तेविसाव्या चालीला त्यानें वजिराच्या पट्टींतलें प्यादें ढकलून पांढऱ्याच्या वजिराला हटविण्याचा प्रयत्न केला. वजीर हटला नाहीं. पंचविसाव्या चालीला त्यानें काळा हत्ती मारून शह दिला आणि त्यापाठोपाठ वजिरास वजीर, हत्तीस हत्ती अशी तोड झाली. धूळ खालीं बसली तेव्हां पटावर दोन राजे, दोघांचा एकेक हत्ती, पांढऱ्याचा उंट, काळ्याचा घोडा आणि दोघांचीं सहा सहा प्यादीं उरलीं. संख्या अगदीं सारखी. एखादा सामान्य खेळाडू ह्या ठिकाणीं बरोबरी मान्य करून घरीं गेला असता, आणि त्याला कोणी दोष दिला नसता.

परंतु संख्या सारखी असली तरी स्थिति सारखी नव्हती. सत्ताविसाव्या चालीला तें कडेचें प्यादें भिडलें. प्याद्यास प्यादें गेलें. राजाच्या हत्तीची पट्टी उघडी झाली. एकोणतिसाव्या चालीला कापाब्लांकानें वजिराच्या बाजूच्या कोपऱ्यांतला हत्ती उचलून थेट राजाच्या बाजूच्या कोपऱ्यांत ठेविला. ह्या हत्तीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. डाव सुरूं झाल्यापासून अठ्ठावीस चालींत तो एकदांहि हलला नव्हता. मध्यंतरीं जो हत्ती इकडून तिकडे फिरला तो दुसरा, आणि तो मारामारींत खर्ची पडला. हा कोपऱ्यांत झोंपलेला. त्याची पहिली चाल पटाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत. दुसरी चाल त्याच पट्टींत सरळ वर, सातव्या घरांत. दोन चालींत तो शत्रूच्या गांवांत जाऊन बसला व काळा राजा आठव्या ओळींत कोंडला गेला. हत्तीनें सातवी ओळ धरणें ही स्थितिपंथाची अगदीं पहिल्या धड्यांतली शिकवण. निम्झोविचनें १९२५ पासून निघालेल्या आपल्या ‘माझी पद्धति’ ह्या ग्रंथांत तिची सविस्तर चर्चा केली आहे. येथवर कापाब्लांका वाणीच आहे.

आतां काळ्यानें तिसाव्या चालीला आपला हत्ती वजिराच्या उंटाच्या पट्टींत आणला. त्यामुळें दोन कामें झालीं: त्याच पट्टींतल्या आपल्या सातव्या घरांतल्या प्याद्याला जोर मिळाला, आणि मघाशीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या पांढऱ्याच्या तिसऱ्या घरांतल्या प्याद्यावर मारा आला. कोणाहि शहाण्या माणसाची प्रवृत्ति तें प्यादें राखण्याची होईल. कापाब्लांकानें त्याच्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. त्यानें राजाच्या घोड्याचें प्यादें पुढें ढकललें. काळ्या हत्तीनें तिकडचें प्यादें घेतलें असतें तर इकडे पांढऱ्या उंटानें काळ्या राजासमोरचें प्यादें घेतलें असतें आणि पांढऱ्याचीं दोन प्यादीं हातांत हात घालून मोकळीं सुटलीं असतीं. तार्ताकोव्हरनें हें ओळखलें व हत्तीऐवजीं घोडा हालविला. तो घोडा शह देत देत, फार चलाखीनें, राजाच्या उंटाच्या पट्टींतल्या पांचव्या घरीं येऊन उभा राहिला. पांढऱ्याचें तें प्यादेंहि दरम्यान पांचव्या घरांत पोंचलें होतें. घोड्याची जागा उत्तम होती. त्याला आतां प्याद्याचा जोर होता आणि तो पांढऱ्याची वाट अडवून उभा होता.

चौतिसाव्या चालीला कापाब्लांकानें त्या घोड्यावर आपला उंट घातला. काळ्या प्याद्यानें उंट मारला. अशा मोकळ्या पटावर उंट घोड्याहून अधिक मोलाचा, हें शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतें. तरी त्यानें तो दिला. कां? ह्या एका तोडीनें दोन गोष्टी साधल्या. काळें प्यादें घोड्याची पट्टी सोडून शेजारच्या उंटाच्या पट्टींत गेलें, म्हणून पांढऱ्याचें पांचव्या घरांतलें प्यादें मोकळें झालें. त्याच्या वाटेंत आतां शत्रूचें एकहि प्यादें नाहीं. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि पांच चालींनीं कळते.

ज्यांच्याजवळ पट असेल त्यांनीं ही स्थिति मांडून पाहावी. पांढरा राजा राजाच्या उंटाच्या पट्टींत तिसऱ्या घरीं. हत्ती राजाच्या हत्तीच्या पट्टींत सातव्या घरीं. प्यादीं पांच: वजिराच्या हत्तीचें चौथ्या, वजिराच्या उंटाचें तिसऱ्या, वजिराचें चौथ्या, राजाच्या उंटाचें चौथ्या व राजाच्या घोड्याचें पांचव्या घरीं. काळा राजा राजाच्या उंटाच्या पट्टींत आठव्या घरीं; हत्ती वजिराच्या उंटाच्या पट्टींत सहाव्या घरीं; प्यादीं पांच: वजिराच्या हत्तीचें सातव्या, वजिराच्या घोड्याचें सहाव्या, वजिराच्या उंटाचें सातव्या, वजिराच्या पट्टींतलें पांचव्या व राजाच्या उंटाच्या पट्टींतलें पांचव्या घरीं. चाल पांढऱ्याची.

काळ्या हत्तीची नजर तिसऱ्या घरांतल्या प्याद्यावर आहेच, आणि तें गेलें कीं राजाला शहहि बसणार. प्यादें राखावयाचें तर पांढऱ्या हत्तीला सातव्या ओळींतून मागें यावें लागेल, म्हणजे काळा राजा सुटला आणि डाव बरोबरीच्या वाटेला लागला. कापाब्लांकानें पस्तिसाव्या चालीला राजा उचलला आणि शेजारच्या घरांत, आडवा, एक घर सरकविला. बस्स. इतकी नम्र खेळी! कोणावर मारा नाहीं, कोणाला शह नाहीं, जें प्यादें मरणार आहे त्याचा बचाव नाहीं. उलट तें शह देऊन मारतां येईल अशाच ओळींत राजा अजून उभा. पाहणाऱ्याला वाटावें कीं ह्याचें लक्ष दुसरीकडे आहे.

काळ्यानें प्यादें मारलें, शह. पांढरा राजा पटाच्या कडेला, चौथ्या घरीं चढला. काळ्या हत्तीनें राजाच्या उंटाच्या पट्टींत येऊन दुसऱ्या प्याद्यावर नजर लावली. कापाब्लांकानें तेंहि राखलें नाहीं. घोड्याच्या पट्टींतलें मोकळें प्यादें सहाव्या घरांत ढकललें. काळ्यानें दुसरें प्यादें मारलें, पुन्हां शह. आतां काळ्याचीं पांच प्यादीं, पांढऱ्याचीं तीन. आणि पांढरा राजा पांचव्या घरीं गेला, तो नेमका त्या हत्तीच्या अंगावर! हत्तीला जोर नव्हता. त्याला पळावें लागलें. ज्या शहानें काळ्यानें प्यादें मिळविलें त्याच शहानें त्याचा हत्ती अशा घरीं आला होता कीं राजाची पुढची पायरी हाच त्याच्यावरचा मारा ठरावा. एकोणचाळिसाव्या चालीला पांढरा राजा राजाच्या उंटाच्या पट्टींत सहाव्या घरीं जाऊन, काळ्या राजाच्या समोर, मधें एकच घर ठेवून उभा राहिला.

ही चाल करतांना शेजारीं काळें प्यादें फुकट उभें होतें: तेंच, जें चौतिसाव्या चालीच्या तोडीनें ह्या पट्टींत आलें होतें. राजानें तें घेतलें नाहीं. कां घेतलें नाहीं, ह्यांत आम्ही मघाशीं म्हटलेली सूक्ष्म गोष्ट आहे. राजा त्या प्याद्याच्या पुढें गेला तेव्हां तें प्यादें त्याच्या पाठीशीं आलें आणि काळ्या हत्तीला त्या पट्टींतून शह देण्याची वाटच उरली नाहीं. शत्रूचा शिपाई राजाची ढाल झाला. तें प्यादें मारलें असतें तर ढाल फेंकून दिल्यासारखें झालें असतें. ज्याला दोन प्यादीं गेल्याचें दुःख नाहीं, त्याला एक प्यादें मिळण्याचा मोहहि नाहीं; दोन्ही एकाच दृष्टीचीं फळें आहेत.

त्या क्षणीं पटावर जें चित्र उभें राहतें तें आमच्या मतें सबंध बुद्धिबळाच्या वाङ्मयांतलें एक अत्यंत रेखीव चित्र आहे. सहाव्या घरीं राजा, त्याच्या शेजारीं सहाव्या घरीं प्यादें, सातव्या घरीं हत्ती. राजा प्याद्याला जोर देतो, प्यादें हत्तीला जोर देतें, आणि हत्ती राजाच्या साहाय्यानें पुढच्याच चालीला मात करण्याचा धाक घालतो. तिघांपैकीं एक काढा, सारी रचना कोसळते. काळ्याजवळ दोन प्यादीं अधिक आहेत. पण तीं पटावर आहेत इतकेंच. त्यांना ह्या प्रसंगांत भाषणच नाहीं.

पुढची कथा वेगानें सांगतां येते, कारण ती वेगानेंच घडली. काळा राजा कोपऱ्यांत दडला; पांढऱ्या हत्तीनें वजिराच्या उंटाचें प्यादें घेतलें. मात टाळण्यासाठीं काळा हत्ती आपल्या ओळींत परतला, तेव्हां, ढालीचें काम झाल्यावर, राजानें तें उंटाच्या पट्टींतलें प्यादें घेतलें. शेचाळिसाव्या चालीला आणखी एक, सत्तेचाळिसाव्याला आणखी एक. एक्केचाळीस ते सत्तेचाळीस ह्या सात चालींत काळ्याचीं चार प्यादीं गेलीं आणि पांढऱ्याचें एकहि नाहीं. बावन्नाव्या चालीला तार्ताकोव्हरनें डाव सोडला.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पस्तिसावी खेळी चमत्कृति कीं स्थिति? दोन प्यादीं लागोपाठ, शहासकट, देऊन टाकणें ही चमत्कृति नव्हे असें कोण म्हणेल? आणि तरी ह्या डावांत ती कोणत्या ठिकाणीं सुरूं झाली हें दाखवितां येत नाहीं. सातव्या ओळींत हत्ती बसला, मोकळें प्यादें निर्माण झालें, काळा राजा कोंडला गेला. ह्या तीन गोष्टी घडल्यावर चौथ्या मोहऱ्याची, म्हणजे राजाची, गरज स्थितीनेंच उत्पन्न केली. त्या गरजेची किंमत दोन प्यादीं होती, ती दिली. आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त अलंकाराविषयीं एक फार मार्मिक विचार मांडला आहे. ज्या अलंकारासाठीं कवीला निराळा यत्न करावा लागत नाहीं, जो रसाच्या ओघांतच सिद्ध होतो, तोच खरा अलंकार, असें त्याचें म्हणणें. आंडरसेनच्या डावांतले बळी दिपवून टाकणारे आहेत, त्यांचा आनंद आम्हींहि घेतला आहे. परंतु तो अलंकार पुष्कळ अंशीं निराळ्या यत्नाचा आहे. तेथें कवि आपल्या शब्दांकडे पाहत आहे हें जाणवतें. कापाब्लांकाच्या ह्या खेळींत तसा यत्न दिसत नाहीं. आणि यत्न दिसत नाहीं म्हणूनच कोरडेपणाचा आक्षेप येतो! ज्यांना दागिना अंगापासून वेगळा काढून हातांत घेतां आला पाहिजे, त्यांना अंगकांति हा दागिना कसा वाटावा?

दुसरें असें कीं ह्या डावाचा नायक राजा आहे, आणि ह्या खेळांत राजाची भूमिका बहुधा करुण असते. तो लपतो, पळतो, इतरांच्या आड उभा राहतो. आपल्या देशी खेळांत त्याला डावांतून एकदां घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारण्याची मुभा होती, तीहि बहुतेक जीव वांचविण्यासाठींच. वजीर व इतर बलाढ्य मोहरे पटावरून गेल्यावर राजालाहि लढाऊ मोहरा समजावें, हें शेवटाच्या खेळाचें तत्त्व जुनेंच आहे. कापाब्लांकानें शोधलें असें नाहीं. आदल्या फेरींत त्याला हरविणाऱ्या रेटीनें १९२१ सालीं रचलेल्या प्रसिद्ध कूटांत तर राजा एकाच तिरप्या वाटेनें जातांना आपलें प्यादें आणि शत्रूचें प्यादें ह्या दोघांच्याहि जवळ जवळ जातो, आणि गेलेला डाव बरोबरींत सोडवितो. तें कूट अप्रतिम आहे. पण तें कूट आहे: एका माणसानें, एकांतांत, सर्व मोहरे आपल्या इच्छेप्रमाणें ठेवून रचलेलें. येथें समोर हाडामांसाचा शत्रु होता, घड्याळ चाललें होतें, आणि आदल्याच फेरींतल्या पराभवाचा घाव ताजा होता. अशा वेळीं माणूस एकेक प्यादें छातीशीं धरून बसतो. ह्यानें दोन सोडलीं.

शत्रूचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतों. बुद्धिबळाचा डाव ही दोघांची कृति असते, आणि त्या दोघांचे हेतु परस्परविरुद्ध असतात. दुसऱ्या कोणत्याहि कलेंत हें घडत नाहीं. तार्ताकोव्हर भित्रा असता तर त्यानें हत्ती मागें ठेवून, कुढत, पुष्कळ वेळ काढला असता. डाव लांबला असता, बहुधा हरलाहि असता, आणि तें चित्र पटावर कधीं उमटलें नसतें. त्यानें हत्ती पुढें नेला, प्यादीं मारलीं, शह दिले. जें जें घेण्यासारखें होतें तें घेतलें. त्याच्या ह्या धीट लोभामुळें कापाब्लांकाच्या विचाराची पूर्ण परीक्षा झाली. हरलेल्याचा हा वांटा रसिकांनीं विसरूं नये. त्या स्पर्धेंतलें सौंदर्याचें पहिलें पारितोषिक रेटीच्या बोगोल्युबोव्हवरील विजयाला मिळालें. तो डाव त्याला सर्वस्वी पात्र आहे. त्याची अखेरची खेळी पाहून हातांतला पेला तसाच राहावा. तथापि कोणता डाव पुन्हां पुन्हां मांडावासा वाटतो असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर निराळें आहे.

यंत्रासारखा खेळ, असा जो आक्षेप आरंभीं सांगितला त्याला आतां एक विलक्षण वळण मिळालें आहे. १९९७ सालीं ‘डीप ब्लू’ नांवाच्या यंत्रानें त्या वेळचा जगज्जेता कास्पारोव्ह यास सहा डावांच्या सामन्यांत हरविलें, आणि आज खिशांत मावणारें यंत्र कोणत्याहि मनुष्यापेक्षां बरें खेळतें. तें कोणत्याहि स्थितीचें मोल आंकड्यांत सांगतें. आम्ही विद्यार्थ्यांना हा डाव दाखवितों तेव्हां त्यांतला एखादा लगेच यंत्र काढून पस्तिसाव्या चालीपुढचा आंकडा वाचतो व ‘पांढरा बरा आहे’ म्हणून मोकळा होतो. आंकडा खोटा नसतो. पण राजा शेजारच्या घरांत सरकल्यानें कोणती गांठ सुटली, शत्रूचें प्यादें जिवंत ठेवण्यांत काय साधलें, हें त्या आंकड्यांत नसतें. तें पटावर असतें, आणि पट पाहावा लागतो.

एक लहानशी गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. ज्या प्याद्यासाठीं एवढें सर्व झालें, तें राजाच्या घोड्याच्या पट्टींतलें प्यादें पंचेचाळिसाव्या चालीला सातव्या घरीं पोंचलें व शह देऊन तेथेंच थांबलें. राजा त्याला सोडून पटाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तेथें वजिराच्या पट्टींतलें दुसरें प्यादें घेऊन निघाला, आणि तें सहाव्या घरांत पडलें तेव्हां तार्ताकोव्हर उठला. सातव्या घरांतलें तें पहिलें प्यादें शेवटपर्यंत वजीर झालेंच नाहीं. काळा राजा त्याच्यापुढें बसून राहिला होता, आणि तेवढ्याचसाठीं तें तेथें हवें होतें.